केस पेपरवर काय उतरलं पाहिजे

चि.,
अनेक आशीर्वाद.

रुग्णालयात आध्यात्मिक आधाराचं काम सुरू करतो आहेस. एक समज आधीच काढून टाक: तुला तिथे धर्म पोचवायला नेमलेलं नाही. पूर्वी डॉक्टरांनी हात टेकले की धर्मगुरूला निरोप जायचा. तो येऊन विधी करायचा आणि निघून जायचा. रुग्ण त्याच्याशी काय बोलला हे वॉर्डाला कधी कळायचं नाही. १९२५ मध्ये अँटन बॉइसन या धर्मोपदेशकांनी अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकायला आणलं, तेव्हापासून या कामाला प्रशिक्षणाची शिस्त लागत गेली. १९६७ मध्ये डॉक्टर सिसिली साँडर्स यांचं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, लंडनमध्ये सुरू झालं. शरीर, मन, नाती आणि श्रद्धा या चारही बाजूंनी वेदना होते, ही त्यांची मांडणी. म्हणजे आता तू उपचार करणाऱ्यांपैकीच एक आहेस, आणि नियमही तुला तेच.

खोलीत शिरण्याआधी सिस्टरना विचार: संसर्गामुळे वेगळं ठेवलं आहे का, तोंडाने काही द्यायचं नाही असं आहे का, ऐकू येतं का. हात निर्जंतुक द्रवाने वीस ते तीस सेकंद चोळ. मग नाव सांग, काम सांग, बसू का म्हणून विचार. ‘नको’ म्हणाले तर लगेच नीघ. रुग्णालयात सुई, तपासणी, जेवणाची वेळ, यातलं काहीच रुग्णाच्या हातात नसतं. तुला नाही म्हणणं तेवढं असतं.

बसलास तर चार गोष्टी काढून घे. रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस कशी करायची याची जी पद्धत अमेरिकी डॉक्टर क्रिस्टीना पुचाल्स्की यांनी घालून दिली, तिचा क्रम हाच आहे: बळ कशातून मिळतं, उपचारांच्या निर्णयात त्याला किती वजन आहे, सोबतीला कोण आहे, आणि आम्ही काय करायला हवं. पहिला प्रश्न ‘देव मानता का?’ असा टाकू नकोस. न मानणारा तिथेच मिटतो आणि मानणारा परीक्षा दिल्यासारखं बोलतो.

‘माझ्याच वाट्याला हे का?’ याला उत्तर देऊ नकोस. नवे लोक इथेच हमखास घसरतात. कर्म, परीक्षा, ईश्वरेच्छा असं काहीतरी पुढे करतात, आणि रुग्ण त्यातून एवढंच घेतो की दोष आपलाच. गप्प बस, किंवा ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचार.

आता नोंद. ‘रुग्ण श्रद्धाळू आहे, प्रार्थना केली’ हे वाचून डॉक्टर काय करणार? ‘दुखणं सोसणं हे प्रायश्चित्त मानतात, म्हणून मॉर्फिन नाकारतात; हे डॉक्टरांना सांगायला त्यांची संमती आहे’ असं लिहिलंस तर उद्याच्या राउंडला त्यावर बोलणं होतं. उपचारांवर परिणाम करणारं तेवढंच लिही, तेही रुग्णाला विचारून. घरची भांडणं, जुनी पापं कागदावर नकोत. मात्र जिवाला धोका असेल तर ते गुपित राहणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेव.

श्रद्धेच्या वस्तूंवरून कटकटी होतात, पण बहुतेक कटकटींतून वाट निघते. ऑक्सिजन चालू असताना ज्योत पेटवायची नाही. बॅटरीचा दिवा चालतो. गिळता येत नसेल तर पवित्र पाणी घोटभरही नको, ते फुप्फुसात जातं. सिस्टरना विचारून ओठांना ओला बोळा लावता येतो. मनगटावरचा दोरा शस्त्रक्रियेच्या आड येत असेल तर कापण्याआधी दुसऱ्या हातावर बांधता येईल का ते बघ. धातूचा ताईत एमआरआयच्या खोलीत मुळीच जाणार नाही.

आणि कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक देवदूत दिसतात म्हणू लागला, मध्येच भान हरपतं, मध्येच येतं, तर तो साक्षात्कार समजून त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसू नकोस. संसर्गाने, औषधाने किंवा रक्तातलं सोडियम बिघडल्यानेही असं होतं. आधी सिस्टरना हाक मार.