हळदीच्या आदल्या दिवशीची गाडी

प्रिय,

तुझा मेसेज तीनदा वाचला. बहिणीच्या लग्नाला ‘अक्षता टाकून रात्रीच्या गाडीनं परत’ असं लिहिलंयस आणि खाली विचारलंयस, “सर, चालेल ना?” नाही चालणार. हळदीच्या आदल्या दिवशी जा.

पूर्वपरीक्षा तोंडावर आहे, माहीत आहे. राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झाली, लेखी १७५० गुणांची, मुलाखत २७५ची. आम्ही बहुतेक पेपरांत गोल काळे करून सुटायचो. तुमचं ओझं जास्त आहे, मान्य. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत आपली खुर्ची रिकामी आणि शेजारचा वाचत बसलाय, या विचारानं पोटात येणारा गोळाही माझ्या ओळखीचा आहे. तरी जा.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं. लातूरकडचं आमचं शिवार त्यात सापडलं. हरभरा काढणीला आलेला, गहू उभा. भावाचा फोन आला, “सगळं आडवं झालं रे.” मी विचारलं, “येऊ का?” तो म्हणाला, “तू अभ्यास कर.” आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं आजही छातीत रुतून आहे. ‘येऊ का’ असं घरच्या माणसाला विचारायचंच नसतं. तो ‘नको’च म्हणणार. पिशवी उचलायची आणि जायचं.

पुढे पास झालो, नायब तहसीलदार झालो. २०१८च्या फेब्रुवारीत जालन्याकडे गारा पडल्या, तेव्हा तलाठी आणि कृषी सहायकांना घेऊन बांधाबांधानं फिरलो. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, हे बघायचं, पंचनामा नीट होतोय ना ते बघायचं. एक म्हातारे शेतकरी माझा हात धरून नुसते उभे राहिले. मीही हललो नाही, अर्धा तास. परक्याच्या बांधावर अर्धा तास. आपल्या बांधावर चार वर्षांपूर्वी मी पाच मिनिटंही उभा नव्हतो.

तू म्हणशील, पण सर, तुम्ही तेव्हा गेला असतात तर पद मिळालं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय. त्या पगारातूनच सोसायटीचं कर्ज फिटलं, पुतणी लातूरला शिकली. मी काही चैन करायला पुण्यात बसलो नव्हतो. घरासाठीच बसलो होतो, हे मी कुणापुढेही ठणकावून सांगेन. पण भावाला त्या आठवड्यात पैसे नको होते. पडलेल्या हरभऱ्याकडे त्याच्याबरोबर बघणारं कुणी हवं होतं. पगार नंतर पाठवता येतो रे. ते बघणं नंतर होत नाही.

पूर्वी तो मला घरातल्या नावानं हाक मारायचा. आता चारचौघांत ‘साहेब’ म्हणतो, अभिमानानंच म्हणतो. मी दोनदा सांगून पाहिलं. हसतो, आणि पुन्हा ‘साहेब’.

म्हणून निकाल लागल्यावर सगळ्यांना भेटेन, सगळ्यांसाठी करेन, हे मला ऐकवू नकोस. आधी जा. पास व्हायच्या आधी, पद नसताना, खिशात काही नसताना जा. तेव्हा तू नुसता भाऊ म्हणून मांडवात असशील. नंतर गेलास तर तुला पुढच्या रांगेत खुर्ची देतील, फेटा बांधतील, आणि बहिणीशी दोन शब्द बोलायला तुला वेळ मागावा लागेल.

पुस्तकं नेऊ नकोस. नेलीस तर मंडपाच्या कोपऱ्यात ती उघडून बसशील, मी ओळखतो तुला. मेसवाल्याला तीन दिवसांचा खाडा आजच सांग. रात्रीच्या लातूर गाडीचं आरक्षण केलंस की तिकिटाचा फोटो मला पाठव. आणि घरी विचारू नकोस, फक्त कळव की निघालोय.