लातूरहून गौताळा: पहिल्या दिवशी फक्त पोचा

तुमचा बेत मला समजला तो असा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे लातूर सोडायचं, जाता जाता वेरूळ आणि घृष्णेश्वर करायचं, वेळ उरला तर पितळखोऱ्याची लेणी बघायची आणि सात-साडेसातला कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातल्या विश्रामगृहावर मुक्कामाला टेकायचं. सोबत सत्तरीच्या आई, दोन लेकरं, गाडी स्विफ्ट. विचारताय, "जमेल का?"

नाही जमणार. पोचाल कदाचित, पण ज्यासाठी एवढं लांब जाताय ते हाती लागणार नाही. वेरूळ पहिल्या दिवसातून काढा, पितळखोरं तर काढाच. हे सांगायला मला तोंड आहे, कारण नेमका हाच बेत मी 2016 साली करून बसलोय.

ते साल तुम्हा लातूरकरांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे सप्टेंबरअखेर पाऊस पडायला लागला तेव्हा त्याच्यावर चिडायची कोणाची छातीच नव्हती. आम्ही वेरूळला कैलास लेण्यात भिजत फोटो काढले आणि सव्वाचारला निघालो. कन्नडला चहा झाला, भजी झाली. साडेपाचला जंगलाच्या रस्त्याला लागलो तेव्हा सासरे म्हणाले, "आता काय, आलंच." पंधरा-वीस किलोमीटर म्हणजे आलंच, असं मलाही वाटलं.

परतीच्या पावसाची एक खोड असते. सकाळी ऊन कडक, दुपारी ढग जमतात आणि चार-पाचनंतर कोसळतो. म्हणजे तुम्ही दमून जंगलाच्या रस्त्याला लागता तेव्हाच ओढे चढायला लागतात. आम्हाला एक फरशी पूल लागला, त्यावरून गढूळ पाणी वाहत होतं. पलीकडे म्हशी घेऊन उभं असलेलं एक पोरगं हातवारे करून थांबा म्हणत होतं. थांबलो, तेवढं शहाणपण केलं. पण मागून येणाऱ्या मोटारसायकलला वाट द्यायची म्हणून गाडी डांबरावरून खाली घेतली. साईडपट्टीवर गवत छान हिरवं दिसत होतं. त्याच्याखाली काळी माती होती.

काळ्या मातीत गाडी कशी रुतते हे ज्यानं बघितलं नाही त्याला वाटतं की चाक खड्ड्यात जात असेल. तसं होत नाही. माती टायरला चिकटते, तिच्यावर आणखी चिकटते, आणि टायर व मडगार्डच्या मधली जागा गच्च भरून चाक फिरायचंच थांबतं. ॲक्सिलेटर दाबला की नुसता क्लच जळल्याचा वास. मी स्क्रूड्रायव्हरनं मातीचे लोळे उकरून काढत होतो, सातवीतलं पोरगं मोबाईलचा टॉर्च धरून उभं होतं, आणि बायको काहीच बोलत नव्हती, ते जास्त लागत होतं. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी दोर लावून ओढून काढलं. डिझेलपुरते पैसे घेतले, वर घेतच नव्हते.

वनविभागाच्या चौकीवर पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. फाटक बंद. आतून एक मामा कंदील घेऊन आले, आमचा चिखल बघितला आणि म्हणाले, "एवढ्या रातीला कामून आलाव? लेकराबाळाचं घेऊन?" पावती दाखवल्यावर आत घेतलं. वीज गेलेली. पिठलं-भाकरी मिळाली ती त्यांच्या घरची. सकाळी दार उघडलं तेव्हा कळलं की रात्रभर आपण कुठे झोपलो होतो.

आता तुमच्या दिवसाचा हिशोब.

लातूर सहाला सोडा. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत बीड साधारण नऊला. तिथून गेवराईमार्गे धुळे-सोलापूर महामार्ग. संभाजीनगरात शिरू नका. बाह्यवळणानं करोडीकडे निघा आणि तसंच पुढे कन्नडला. जुन्या दौलताबाद रस्त्यावर किल्ल्याच्या तटाच्या दरवाज्यातून गाड्या जातात. रविवारी एक बस आडवी आली की तासभर तिथेच दर्शन. बाह्यवळणानं गेलात तर एक-दीडला कन्नड. तिथे टाकी भरा, पिण्याचं पाणी, दूध, मेणबत्त्या, आईंची औषधं घ्या, स्टेपनीची हवा बघा. पुढे काही मिळेल हे गृहीत धरू नका. अडीच-तीनला हिवरखेड्याच्या चौकीवर, ढग जमायच्या आत. आदल्या दिवशी वनविभागाला फोन करून प्रवेश चालू आहे ना हे विचारा, आणि आरक्षणाची पावती छापून जवळ ठेवा. आत रेंज येते-जाते, फाटकावर मोबाईलमधला मेल उघडत बसायची वेळ येऊ नये.

घाटाची भीती वाटतेय असंही तुम्ही लिहिलंय. ती उगाच आहे. आपल्याकडून जाताना डोंगर चढावा लागतच नाही, कारण मराठवाड्याचं पठारच त्या उंचीवर आहे. अजिंठ्याची रांग म्हणजे आपल्या पठाराची उत्तरेची कड. कन्नडच्या पुढे जमीन एकदम तुटते आणि खाली चाळीसगाव, खानदेश. अलीकडचं पाणी गोदावरीला जातं, पलीकडचं तापीला. तो प्रसिद्ध कन्नडचा घाट, ज्याला औट्रम घाट म्हणतात, तो उतरून चाळीसगावला जाणाऱ्यांसाठी. (औट्रम हा इंग्रज अधिकारी, 1825 च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा. आपल्या लोकांनी त्याचं 'औटराम' करून टाकलं, त्यामुळे अर्ध्या लोकांना तो रामाचा घाट वाटतो.) 2021 च्या ऑगस्टअखेर त्या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. तुमचा मुक्काम घाटाच्या अलीकडे आहे, म्हणून हौस म्हणूनसुद्धा पहिल्या संध्याकाळी तो उतरायला जाऊ नका.

तुमचं खरं काम शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरचं आहे. स्विफ्ट चालते, पण पाच माणसं आणि सामान म्हटल्यावर गाडी खाली बसते, तेव्हा उंचवट्यावर इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला दगड लागू शकतो. खड्ड्यांच्या पट्ट्यात मोठ्यांनी उतरून चालावं, आईंना बसू द्यावं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची सवय लातूरलाच ठेवून या. फरशीवर पाणी असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील तर गाडी घालायची नाही, पलीकडून कोणी जीप घालून दाखवली तरी नाही. पाऊस थांबला की असे ओढे बहुतेक वेळा तास-दोन तासांत उतरतात. तीनला पोचलेला माणूस थांबू शकतो. साडेसहाला पोचलेला थांबत नाही, तो धाडस करतो. आणि वाट द्यायची असेल तर डांबर सोडू नका. लाल मुरूम दिसला तरच चाक खाली घ्या.

लेकरं वाघाचं विचारतील. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला होता, ही गोष्ट खरी आहे आणि झोपताना सांगायला उत्तम आहे. पण तुम्हाला रस्त्यात दिसतील त्या नीलगायी, माकडं आणि मोर. बिबट्या आहे, अस्वल आहे, म्हणून अंधार पडल्यावर गाडीतून उतरून फोटो नकोत.

पितळखोरं दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आईंना न नेता. दरीत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, पावसाळ्यात त्या शेवाळलेल्या असतात. तिथल्या एका खांबावर पैठणच्या गंध्याच्या (म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या) कुळातल्या मितदेवानं दान दिल्याचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. पैठणचा माणूस तेव्हा या कड्यापर्यंत कसा आला असेल हे तुम्ही रुतलेल्या गाडीत बसून नाही, पायरीवर निवांत बसून विचारात घ्या. वेरूळ परतीला. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, दुपारनंतर उजेड आत येतो, पण मग त्या रात्री लातूर गाठायचा हट्ट नको, खुलताबादला किंवा वेरूळलाच राहा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, वार बघून निघा.

गाडी लावताना तोंड फाटकाकडे करून लावा, सकाळी ओल्या मातीत वळवावी लागत नाही. धपाटे जरा जास्त बांधून न्या. चौकीवरचे मामा नको म्हणतील, दोनदा आग्रह केला की घेतात.