सांगाडा सापडला की 'राजकुमारी' का छापतात?

प्रश्न : जुना सांगाडा सापडला की बातमीत लगेच 'योद्धा', 'राजकुमारी' असं ठोकून देतात. नुसत्या हाडांवरून माणूस कोण होता हे खरंच कळतं का?

उत्तर : तुमच्या 'कोण होता' या एका प्रश्नाच्या पोटात दोन आहेत. शरीर कसं होतं, काय खाल्लं, कुठे वाढलं, हा पहिला. त्याचं उत्तर हाडं आणि दात बऱ्यापैकी चोख देतात. लोक त्याला काय म्हणून ओळखत, हा दुसरा. त्याचं उत्तर आपण बहुधा शेजारी पुरलेल्या वस्तूंवरून काढतो आणि गफलत होते ती तिथेच.

स्वीडनमधल्या बिर्काची कबर घ्या. १८७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ यालमार स्टोल्पे यांनी ती उकरली. आत तलवार, कुऱ्हाड, बाण, ढाली, दोन घोडे आणि खेळायच्या सोंगट्यासुद्धा. एवढी हत्यारं पाहिल्यावर हाडांकडे कोण बघतो! व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी लढवय्ये; त्यांच्यातला योद्धा, म्हणजे पुरुषच, असं शंभराहून जास्त वर्षं धरून चाललं. हाडांची ठेवण बाईची दिसते, असं मधे सुचवलं गेलं होतं, पण कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र नाहीच. आणि मग गंमत झाली. पुरुष समजत होते तोवर तलवार कुणाची, ही शंका कुणाला आली नव्हती. बाई निघाल्याबरोबर 'ती हत्यारं तिचीच कशावरून?' सुरू झालं. प्रश्न रास्त आहे, तिच्या हाडांवर जखमांच्या खुणा नाहीत. पण तो १८७८ मध्येच विचारायचा होता.

मला विचाराल तर हत्यारांपेक्षा दात भरवशाचे. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, लहानपणी तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही. त्या वयात जिथलं पाणी प्यायलो, तिथली खूण त्यात कायमची राहते. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाजवळ सापडलेला सांगाडा, ज्याला 'एम्सबरीचा धनुर्धारी' म्हणतात, तो माणूस आल्प्सच्या बाजूला वाढला असावा, हे त्याच्या दातांवरूनच कळलं. या गड्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी गेलेली होती. चालताना पाय ताठच राहत असणार.

दातांवरचं कीटणसुद्धा टाकाऊ समजू नका. जर्मनीत डालहाइमच्या मठाजवळ साधारण हजार वर्षांपूर्वी पुरलेली एक प्रौढ बाई. हाडांत विशेष काही नाही. पण कीटण विरघळवलं तर त्यातून निळे कण निघाले. ते लाजवर्द या दगडाचे होते. त्या काळी हा दगड अफगाणिस्तानातून येई, सोन्याच्या तोलाचा मानला जाई आणि त्याची पूड धर्मग्रंथांतल्या चित्रांसाठी वापरत. रंगवताना कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करायची सवय असावी, हा अभ्यासकांना सर्वांत पटणारा खुलासा. हा शोध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ रंगवणारे ते मठातले पुरुष, ही समजूत त्या निळ्या ठिपक्यांनी चांगलीच हलवली.

प्रश्न : डीएनएवरून धर्म किंवा भाषा सांगता येते का?

उत्तर : नाही. पूर्वज कुठल्या भागातले, नातं कुणाशी, एवढंच. उत्तराखंडातल्या रूपकुंड या हिमालयातल्या तळ्याकाठचे सांगाडे एकाच वेळी, एकाच आपत्तीत मेलेल्यांचे, असं लोक सर्रास सांगत. २०१९ मध्ये ३८ जणांचा डीएनए प्रसिद्ध झाला. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, त्यांचा काळ इसवी सन ८००च्या आसपासचा. १४ जणांचे पूर्वज पूर्व भूमध्य सागराकडचे आणि ते मेले त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी. उरलेला एक आग्नेय आशियाई वंशाचा. हे चौदा जण बोलत काय होते, देव कुठला मानत होते आणि हिमालयात इतक्या उंचावर कशाला आले होते, यातलं काहीही त्या अहवालातून निघत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर पुरावा मागा.

प्रश्न : लहान मुलाचा सांगाडा मुलाचा की मुलीचा, हे कसं ओळखतात?

उत्तर : हाडं पाहून खात्रीनं ओळखता येत नाही. कमरेच्या हाडातला फरक वयात आल्यावरच नीट दिसतो. आता इनॅमलमधली प्रथिनं तपासून सांगता येतं, त्याला एखादा दात पुरतो.