बोगद्याच्या तोंडाशी तुटणारा डेटा

प्रश्न : रेल्वेच्या बोगद्यात लिकी फीडर केबल (लांबीभर सिग्नल बाहेर सोडणारी केबल) टाकून आम्ही वेगळा एलटीई (४जी) सेल दिला. आत सिग्नल उत्तम, बाहेरच्या टॉवरचाही चांगला. तरी गाडी आत शिरताना डेटा दोन-तीन सेकंद तुटतो. हिस्टेरेसिस (सेल बदलण्याआधी नवा सिग्नल जुन्यापेक्षा किती वरचढ हवा ती मर्यादा) ३ डीबीवरून १ वर आणावा का?

उत्तर : नको. ताशी १०० किमी वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. आत शिरताच बाहेरचा सिग्नल, समजा, २० डीबीने कोसळला, तरी फोनला तो एकदम तेवढा पडलेला दिसत नाही. फोन २०० मिलिसेकंदांच्या अंतराने मोजमाप घेतो आणि मोजमापातले चढउतार गुळगुळीत करणारा फिल्टर गुणांक ४ असेल तर नव्या मापाला निम्मेच वजन देतो. पहिल्या मापाला १० डीबीची घसरण दिसते, दुसऱ्याला १५. ए३ची अट, म्हणजे शेजारचा सेल ठरलेल्या फरकाने वरचढ होणे, पुरी झाली की वर टाइम-टू-ट्रिगरचे, म्हणजे ती अट सलग टिकायला हवी तेवढ्या वेळाचे, ४८० मिलिसेकंद. एवढे होऊन हँडओव्हरचा, म्हणजे सेल बदलण्याचा, आदेश यायचा तो जुन्याच, बुडत्या सेलवरून. तो पोचत नाही आणि लिंक तुटते. खरी गोम इथे आहे.

आधी लॉग पाहा. लिंक तुटल्यावर फोन बोगद्याच्या सेलवर पुन्हा जोडला गेला असेल, तर हँडओव्हरला उशीर होतोय. हँडओव्हर होऊन लगेच तुटला आणि फोन बाहेरच्या सेलवर परतला, तर घाई होतेय. घाई असेल तेव्हा हिस्टेरेसिस कमी केल्याने दुखणे वाढेलच. बोगद्याचा सेल बाहेरच्या सेलच्या शेजारी-यादीत आहे का आणि त्याच पीसीआयचा (सेलच्या ओळख-क्रमांकाचा) दुसरा सेल जवळपास नाही ना, हेही तपासा. ही चूक फार वेळा निघते.

उशीरच असेल तर फक्त या जोडीपुरता सेल इंडिव्हिज्युअल ऑफसेट (तुलनेत त्या एका शेजाऱ्याला दिलेली सूट) २ डीबीने वाढवा. हिस्टेरेसिस आणि टाइम-टू-ट्रिगर त्या सेलच्या सगळ्या शेजाऱ्यांना लागू होतात. ते ढिले केले की दुसऱ्या बाजूला फोन दोन सेलांमध्ये हेलपाटे घालू लागतात. टाइम-टू-ट्रिगर बदलायचाच तर एकच पायरी, ४८० वरून ३२०. जाता-येतानाच्या दोन्ही दिशांना सेल बदलायला लागणाऱ्या फरकांची बेरीज ३-४ डीबीच्या खाली जाऊ देऊ नका.

पक्का इलाज मात्र अँटेनाचा. केबलच्या टोकाला स्प्लिटर (सिग्नल वाटणारा जोड) लावून त्याच सेलचा छोटा पॅनेल अँटेना तोंडाबाहेर रुळांकडे वळवा, म्हणजे हँडओव्हर उघड्यावरच उरकेल. मोजमाप ०.४, ट्रिगर ०.३२, आदेश आणि जोडणी ०.२ सेकंद धरले, तर जवळजवळ एक सेकंद, म्हणजे २८ मीटर लागतात. दुप्पट धरून ६० मीटरपर्यंत दोन्ही सेल वापरण्याजोगे हवेत. अँटेना खाली झुकवा, नाहीतर शेजारच्या रस्त्यावरचे फोनही बोगद्याच्या सेलला चिकटतील.

प्रश्न : ५जीतल्या कंडिशनल हँडओव्हरने हे सुटेल का?

उत्तर : नेमके याच दुखण्यावर तो आहे. मोबाइल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या रिलीज १६ मध्ये तो आला. आदेश सिग्नल चांगला असतानाच फोनकडे दिलेला असतो. अट पुरी होताच फोन स्वतः उडी मारतो. फोन आणि नेटवर्क दोघांनाही ते जमले पाहिजे. प्रत्येक तयार सेलमध्ये जागा राखून ठेवावी लागते, म्हणून सरसकट नको, अशा अवघड जोड्यांपुरतेच चालू करा.