मी नर्स आहे. चुकून एका पेशंटचं औषध दुसऱ्याला दिलं. त्याला काही झालं नाही, पण आता ड्युटीवर हात थरथरतात. यातून कसं सावरू?

चूक अजून कळवली नसेल तर आजच डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना सांगा, लेखी नोंदवा. लपवलेली चूक मनात जास्त कुरतडत राहते. झोप उडणं, प्रत्येक डोस चारचारदा तपासणं, हा तुमचा दुबळेपणा नाही. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा अवस्थेतल्या डॉक्टर-नर्सना ‘सेकंड व्हिक्टिम’ म्हटलं, म्हणजे चुकीचा दुसरा बळी. आणि अशी चूक क्वचितच एकट्या नर्सची असते. सारखी दिसणारी लेबलं, औषध काढताना वाजलेला फोन, सलग नाइट ड्युट्या, हे सगळं तिच्यामागे असतं. म्हणून नोंदीत तेही लिहा.

पुढे एवढं पाळा:

- औषध भरताना कोणी हाक मारली तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून.
- पेशंटला स्वतःचं नाव सांगायला लावा. ‘तुम्ही अमुक ना?’ विचारलं की गुंगीतला माणूस ‘हो’ म्हणतो.
- इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), पोटॅशियम क्लोराइड ही चुकल्यास जिवावर बेतणारी औषधं दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय देऊ नका, कितीही घाई असो.

मात्र काही आठवड्यांनीही थरथर थांबली नाही, किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर हे उपाय पुरणार नाहीत. तेव्हा वाट न पाहता समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.