पुण्यात पाषाणच्या टेकडीवर पांगाऱ्याच्या फांदीला दाटीने चिकटलेले, फोटोतले हे काळपट तपकिरी किडे कोणते?

बहुधा सायक्लोपेल्टा सिक्सिफोलिया, म्हणजे झाडांचा रस शोषणारा ढेकूण. पांगाऱ्याच्या कोवळ्या फांद्यांवर असा घोळका करून बसणं ही त्याची खोडच. झाडांवरच्या नेहमीच्या ढेकणांशी याची गल्लत होऊ शकते, म्हणून मिशांची पेरं मोजा: त्यांच्या मिशीला बहुधा पाच पेरं असतात, याच्या चारच. पाठीवरचं त्रिकोणी कवचही याचं आखूड, टोकाला बोथट. पंखाच्या पातळ भागावर शिरांची जाळी दिसते. फोटोत मिशा अस्पष्ट आहेत, त्यामुळे मी झाडावर आणि घोळक्यावर भिस्त ठेवली आहे. मात्र याचा जवळचा भाऊबंद सायक्लोपेल्टा ऑब्स्क्युरा नुसत्या फोटोवरून वेगळा काढणं कठीण. खात्रीच हवी तर नमुना आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात दाखवा. (हाताळताना जपून, वास जाता जात नाही.)