फुलराणीची बोली घासू नकोस

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कराडजवळच्या गावातून कॉलेजला एसटीनं ये-जा करते. स्नेहसंमेलनात ‘ती फुलराणी’तलं मंजुळाचं स्वगत करणार आहे. भक्ती बर्वे यांचं चित्रण मोबाइलवर खूपदा पाहिलं. आमचे सर म्हणतात, आधी तुझी गावाकडची बोली काढून टाक, मगच स्टेजवर जा. दुसरं असं, की एवढी मोठी नटी सिनेमात फारशी का दिसली नाही? घरचे म्हणतात, नाटकातच अडकून राहिली. खरं का?

उत्तर : अगं, सरांना माझा नमस्कार सांग आणि संहिता पुन्हा एकदा वाचायची विनंती कर. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत येतं तेव्हा मंजुळा अजून फुलं विकणारीच आहे. प्राध्यापक अशोक जहागीरदारांनी तिची जीभ वळवायला घेतली आहे, पण ती वळलेली नाही. अपमान गिळून गिळून ती एकटी सापडते आणि फुटते, ती स्वतःच्या भाषेत. ती भाषाच घासूनपुसून घेतलीस तर तो राग कुणाचा राहील?

बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक रचलं आणि १९७५ साली रंगमंचावर आणलं. लंडनमधल्या उच्चारांचं भांडण त्यांनी आपल्या ‘पानी’ आणि ‘पाणी’वर आणून ठेवलं. सतीश दुभाषी अशोक झाले. भक्तीताई तेव्हा सव्विशीतल्या. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’मध्ये बालनाट्यांतून घडलेल्या, आकाशवाणीवर निवेदन केलेल्या, मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या. जिच्या बातम्या ऐकून आम्ही शिक्षिका आपले उच्चार तपासायचो, ती मंजुळा झाली! मंजुळाला शुद्ध बोलायला शिकायचं होतं. भक्तीताईंना मात्र दर प्रयोगाला आपलं शुद्ध मराठी विंगेत ठेवून यावं लागे आणि शेवटच्या अंकापर्यंत एकेक शब्द करत परत मिळवावं लागे. ही कसरत किती अवघड, ते तू स्वगत पाठ करताना अनुभवत असशीलच.

मी हे नाटक दादरच्या शिवाजी मंदिरात बाल्कनीतून पाहिलं, डी.एड. करत असताना. माझं माहेर खानदेशातलं. वसतिगृहातल्या मुली माझ्या अहिराणी हेलाला हसायच्या, म्हणून पहिला महिनाभर मी जवळजवळ मुकीच होते. त्या रात्री मंजुळा मास्तरांना दम देत होती, सगळं थिएटर हसत होतं आणि मी रुमालात तोंड घालून रडत होते. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले. पुढे एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण वर्गात कुणाच्या बोलीला हसू दिलं नाही.

आता सिनेमाचं. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) काढून पाहा. दोन भाबड्या फोटोग्राफरांना गोड बोलून कामाला लावणारी ‘खबरदार’ची संपादक शोभा म्हणजे भक्तीताईच. गोविंद निहलानींच्या ‘हजार चौरासी की माँ’तही त्या आहेत. सिनेमे थोडे, हे खरं. पण ‘अडकून राहिली’ हा शब्द मला मान्य नाही. ‘हँड्स अप’, ‘आई रिटायर होतेय’ या नाटकांची नावं आमच्या पिढीत घराघरांत होती. आणि ‘गांधी विरुद्ध गांधी’तली त्यांची कस्तुरबा! नवरा आणि थोरला मुलगा हरिलाल यांच्यामध्ये भरडली जाणारी आई. मंजुळाचं सगळं बळ बोलण्यात, कस्तुरबांचं ऐकून घेण्यात. ही दोन्ही टोकं ज्या बाईनं गाठली, तिचं काय अडलं होतं? १९९० साली संगीत नाटक अकादमीनं त्यांचा गौरव केला, तो रंगभूमीवरच्या कामासाठीच.

१९९६ साली त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार गेले. जून २०००मध्ये पु. ल. गेले. भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करायच्या. १२ फेब्रुवारी २००१ला वाईहून परतताना द्रुतगती मार्गावर गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. बावन्न वर्षांच्या होत्या. ते वर्तमानपत्र मी अजून ठेवलं आहे.

तर आता असं कर. मोबाइलवरचं ते चित्रण आठ दिवस बंद ठेव, नाहीतर त्यांच्या हरकती तुझ्या अंगात शिरतील आणि तू नक्कल करत बसशील. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायकांजवळ जाऊन बस. दर पाडून मागितला की त्या कुठला शब्द लांबवतात, कुठे श्वास घेतात, ते ऐक. स्वगत एकदा शेतात, मोकळ्यावर, पूर्ण आवाजात म्हण. मंजुळा रागावली आहे तशीच घाबरलेलीही आहे, तेही त्यात येऊ दे. सरांनी पुन्हा अडवलं तर हा अंक त्यांच्या हातात दे. आणि संमेलनाची तारीख कळव, गुडघे बरे असले तर मी येईन.